बडोद्यातल्या ऑफिसची हवा: ही जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्यांसाठी

तुम्ही ऑफिसचं ॲडमिन बघता, किंवा कॉम्प्लेक्सच्या कमिटीत यंदा तुमचं नाव लागलंय. "दुपारी तीननंतर डोकं जड होतं", "मीटिंग रूममध्ये गुदमरतं", "एसी लावला की कुबट वास येतो" अशा तक्रारी आता तुमच्याकडे येणार. कुणाला बोलवायचं, काय मोजायचं, कशावर पैसे घालायचे, हे सांगणारं सहसा कुणी भेटत नाही. एसीवाला एसीचं बोलतो, प्युरिफायरवाला प्युरिफायरचं. या सगळ्यातून मी गेलोय, म्हणून जो क्रम कामाला आला तो इथे मांडतो.

अलकापुरी, सयाजीगंज, रेसकोर्स, गोत्री, वासणा-भायली रोड, कुठेही जा, बहुतेक ऑफिसं एकाच धाटणीची. समोर काच, वर जिप्समचं फॉल्स सीलिंग, त्यात कॅसेट नाहीतर भिंतीवर स्प्लिट एसी, आणि सरकत्या खिडक्या ज्यांच्यासमोर कपाटं लावून टाकलेली. एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. स्प्लिट आणि कॅसेट एसी खोलीतलीच हवा ओढतात, थंड करतात आणि परत खोलीत सोडतात. बाहेरची हवा आत आणायची सोय त्यांच्यात नसते. मोठ्या व्हीआरएफ सिस्टिमचंही (बाहेरच्या एका युनिटवर आतली अनेक युनिटं चालतात ती) तेच, ताजी हवा वेगळ्या डक्टने जोडली नसेल तर. त्यामुळे तुम्ही तक्रार केलीत की टेक्निशियन येतो, ग्रीलखाली हात धरतो आणि म्हणतो, "ठंडक तो बराबर आवे छे ने, साहेब?" ठंडक येतेच. माणसं मात्र एकमेकांनी सोडलेली हवा दिवसभर घेत बसलेली असतात.

पायरी १: कागद आणि सामान गोळा करा

कागद हे लागतील:

- एसीचा लेआउट. बिल्डरकडे किंवा इंटिरियर करणाऱ्याकडे मिळतो. नसेल तर हाताने काढा.
- बसण्याचा आराखडा. कागदावरचा नको, आज प्रत्यक्ष कोण कुठे बसतं तो.
- एसीचा एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार. त्यात "सर्व्हिस" म्हणजे नेमकं काय करणार, ते वाचून ठेवा.
- भाडेकरार. दर्शनी भिंतीत किंवा काचेत भोक पाडायला मालकाची आणि कमिटीची परवानगी लागते का, हे आधीच बघा.
- फायरचा मंजूर नकाशा. जिन्याच्या, शाफ्टच्या किंवा धूर बाहेर काढणाऱ्या पंख्यांच्या कामात हात घालण्याआधी तो समोर हवा.

सामान थोडंच लागतं: कार्बन डायऑक्साइडचा मीटर, पीएम २.५ चा (हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा) मीटर, दमटपणा दाखवणारं साधं घड्याळ, टॉर्च, टिश्यू पेपर आणि वही.

मीटर घेताना फसगत होते ती अशी. ऑनलाइन मिळणारे पुष्कळ स्वस्त मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. ते हवेतल्या रासायनिक वाफा मोजतात आणि त्यावरून अंदाजाने आकडा दाखवतात. फिनाइलने फरशी पुसली की असा मीटर एकदम उसळतो. खोक्यावर "एनडीआयआर सेन्सर" (इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणारा) असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. घरी आणल्यावर मोकळ्या गच्चीत अर्धा तास ठेवा. बाहेरच्या हवेत आज साधारण ४२०-४३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) कार्बन डायऑक्साइड असतो. मीटर त्याच्या आसपास स्थिरावला तर ठीक. आणखी एक: यातले बरेच मीटर दर काही दिवसांतला सगळ्यात कमी आकडा "बाहेरची हवा" धरून स्वतःला जुळवून घेतात. तुमचं ऑफिस कधीच मोकळं होत नसेल, तर असा मीटर हळूहळू खोटा गोड आकडा दाखवायला लागतो. आठवड्यातून एकदा त्याला बाहेर फिरवून आणा, नाहीतर ही सोय बंद करून ठेवा.

पायरी २: आठवडाभर फक्त मोजा

या आठवड्यात काहीही विकत घेऊ नका. मीटर टेबलाच्या उंचीवर ठेवा. एसीच्या झोतात, खिडकीशी किंवा कुणाच्या तोंडासमोर नको. सकाळी माणसं येण्याआधी, अकरा वाजता, जेवणाआधी, दुपारी साडेतीनला आणि सुटताना, असे आकडे लिहा. मीटिंग रूमचे वेगळे लिहा.

वाचायचे कसे? कार्बन डायऑक्साइड आपण मोजतो ते तो या पातळीला विषारी असतो म्हणून नव्हे. तो माणसांच्या श्वासातून येतो, म्हणून ताजी हवा माणसांच्या मानाने पुरते की नाही याची तो खूण आहे. ८०० पीपीएमच्या आत असेल तर उत्तम, १००० पर्यंत चालेल. दीड हजाराच्या वर रोज जात असेल, तर प्रश्न ताज्या हवेचा आहे आणि दुसरा कुठलाही उपाय त्याची जागा घेणार नाही.

मीटिंग रूमचे आकडे बघून दचकायला होईल. हिशेब सोपा आहे. टेबलाशी बसलेलं माणूस तासाला साधारण १८-१९ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. १२ बाय १५ फुटांची, ९ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ४६ घनमीटर. दार बंद करून दहा जण बसले आणि बाहेरची हवा येतच नसेल, तर अर्ध्या तासात आकड्यात दोन हजारांची भर पडते. लांबलेल्या मीटिंगच्या शेवटी सगळे जांभया देतात, त्यात विषयाइतकाच या आकड्याचाही वाटा असतो.

पीएम २.५ साठी भारताचं २००९ चं मानक २४ तासांच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि वर्षाच्या सरासरीला ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे १५ आणि ५ वर आणले. ही मानकं बाहेरच्या हवेची आहेत, पण आतल्या हवेला तुलनेसाठी चालतात. मी ऑफिसात २५ च्या खाली राहायचा प्रयत्न करतो. बाहेरचा आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या "समीर" ॲपवर मिळतो. तो शेजारी लिहीत चला. आतला आकडा बाहेरच्यापेक्षा जास्त असेल, तर धूळ किंवा धूर आतच कुठेतरी तयार होतोय. पावसाळ्यात मात्र स्वस्त पीएम मीटरवर फार विसंबू नका. हवा फार दमट झाली की ते आकडा फुगवून दाखवतात.

याच आठवड्यात तक्रारवही सुरू करा. तारीख, वेळ, जागा, त्रास, एवढंच. नाव नको, त्याने लोक मोकळेपणी लिहितात. सगळ्या तक्रारी एकाच कोपऱ्यातून येतात की सगळीकडून, दुपारीच येतात की सोमवारी सकाळी, यावरून निम्मं निदान होतं. सोमवारी सकाळची डोळ्यांची जळजळ बहुधा शनिवारी संध्याकाळी मारलेल्या पेस्ट कंट्रोलची असते.

पायरी ३: ऑफिस सुटल्यावर एक चाचणी करा

ही चाचणी फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी आहे. सगळे गेल्यावर दारंखिडक्या दिवसा असतात तशाच ठेवा, एसी आणि ताज्या हवेचे पंखे चालू राहू द्या, आणि मीटरसमोर बसा. माणसं गेली की कार्बन डायऑक्साइड उतरायला लागतो. बाहेरच्यापेक्षा जितका जास्त आहे, तेवढा निम्मा व्हायला किती वेळ लागतो ते बघा.

समजा, बाहेर ४२० आहे आणि साडेसहाला आत १६२०. म्हणजे १२०० जास्त. आकडा १०२० वर आला की निम्मं झालं. आता ०.७ ला लागलेल्या तासांनी भागा. एक तास लागला, तर ०.७ भागिले १, म्हणजे तासाला खोलीतली हवा जेमतेम ०.७ वेळा बदलते. वीस मिनिटं लागली तर साधारण दोन वेळा. एवढी एक संख्या हातात असली की कंत्राटदाराशी बोलण्याची भाषाच बदलते. तो "फ्रेश एअर आहे, साहेब" म्हणतो, तेव्हा तुम्ही वही उघडून दाखवू शकता.

पायरी ४: जे आतच तयार होतंय ते आधी बंद करा

हवा आणण्याआधी घाण थांबवा, ते स्वस्त पडतं. टॉर्च घेऊन एक फेरी मारा.

एका कॅसेटची ग्रील उघडायला लावा आणि स्वतः शिडीवर चढून बघा. फिल्टरची जाळी धुतलेली असेल, कारण ती दिसते. तिच्यामागच्या ड्रेन पॅनमध्ये (एसीचं पाणी जमा होतं त्या तबकात) बोट फिरवा. तपकिरी, बुळबुळीत थर लागला आणि मातीच्या वासासारखा कुबट वास आला, तर एसी लावल्यावर येणारा वास इथूनच येतोय. कॉइलच्या पत्र्यांच्या मधेही तेच असतं. वरवर फवारणी करून हे जात नाही. पॅन काढून धुवावा लागतो, कॉइल केमिकल वॉशने धुवावी लागते, आणि पॅनचा उतार ड्रेनच्या तोंडाकडे आहे ना, हे पाणी ओतून बघावं लागतं. उतार उलटा असेल तर महिन्याभरात थर परत जमतो.

गटाराचा वास येत असेल तर पँट्रीतली आणि टॉयलेटमधली नहाणी ट्रॅप (पाणी अडवून गटाराची हवा रोखणारं जाळीखालचं भांडं) बघा. बडोद्याच्या उन्हाळ्यात, न वापरल्या जाणाऱ्या ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि गटाराची हवा सरळ वर येते. आठवड्यातून एकदा प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायचं काम हाउसकीपिंगच्या यादीत घाला. एसीचं ड्रेन सरळ गटाराच्या पाइपला जोडलेलं असेल आणि मध्ये ट्रॅप नसेल, तर तो वास एसीतूनच अख्ख्या मजल्यावर पसरतो.

बाकीचं भराभर: टॉयलेटचा एक्झॉस्ट चालतो का, हे दाराच्या फटीशी टिश्यू धरून बघा, टिश्यू आत ओढला गेला पाहिजे. मोठे लेझर प्रिंटर एका जागी आणून तिथे एक्झॉस्ट बसवा. टॉयलेटमधल्या डांबरगोळ्या आणि दर पाच मिनिटांनी फवारणारे रूम फ्रेशनर काढून टाका. वास झाकला जातो, हवा मात्र बिघडते. देवापुढची उदबत्ती हा नाजूक विषय आहे, आणि श्रद्धा दुखावून तो सुटत नाही. आमच्याकडे सकाळी ऑफिस उघडायच्या आधी, खिडकी उघडी ठेवून पूजा करायची, दिवसभर दिवा तेवढा ठेवायचा, यावर सगळे राजी झाले. एसी चालू असलेल्या बंद खोलीत उदबत्ती लावली की पीएम २.५ चा मीटर काही मिनिटांत शेकड्यात जातो, हे एकदा प्रत्यक्ष दाखवलं की वेगळं समजावावं लागत नाही.

नवीन इंटिरियर झालेलं असेल तर डोळ्यांची आणि घशाची जळजळ बहुधा प्लाय, एमडीएफ आणि चिकटवण्याच्या गोंदातून निघणाऱ्या फॉर्माल्डिहाइडची असते. उष्णता आणि ओल वाढली की ते जास्त सुटतं. काम होण्याआधी बोलणार असाल तर कमी उत्सर्जनाचा, ई-१ किंवा त्याहून चांगल्या प्रतीचा बोर्ड मागा आणि बोर्डाच्या सगळ्या कडा बंद करून घ्या. काम झालेलं असेल तर राहायला जाण्याआधी जितके दिवस मिळतील तितके दिवस खिडक्या उघड्या ठेवून पंखे चालवा. रविवारी रंग लावून सोमवारी ऑफिस सुरू करायचा आग्रह मालक धरतील, त्याला ठाम नकार द्या.

जनरेटरकडे खास लक्ष द्या. तो मागच्या चौकात किंवा तळघराच्या तोंडाशी असतो, आणि वीज गेली की त्याचा धूर शाफ्टमधून किंवा जिन्यातून वर चढतो. वीज नसताना प्रत्येक मजल्यावर फिरून वास घ्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून तळघराला लागून बसणारं कुणी असेल तर तिथे त्याचा अलार्म लावाच. यात काटकसर करू नका.

पायरी ५: ताजी हवा आणा

खरं काम हे. किती हवा लागते, ते आधी ठरवा. बडोद्यातले कंत्राटदार सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा यात बोलतात, म्हणून त्यातच सांगतो.

अमेरिकेतल्या ॲश्रे या एसी-वायुवीजनाच्या इंजिनियरांच्या संस्थेच्या ६२.१ या मानकात ऑफिससाठी किमान हिशेब असा: माणशी ५ सीएफएम, अधिक दर चौरस फुटाला ०.०६ सीएफएम. १५०० चौरस फुटांत २० माणसं असतील तर १०० अधिक ९०, म्हणजे १९० सीएफएम. कोटेशनमध्ये हाच आकडा येईल आणि तो "स्टँडर्डप्रमाणे" असेल. पण आपल्याकडे माणसं दाटीने बसवतात. या २० जणांना माणशी साडेनऊ सीएफएमच मिळाले, तर कार्बन डायऑक्साइड दीड हजाराच्या पुढे जाऊन थांबेल. हजाराच्या आत राहायचं तर माणशी २० सीएफएम धरा, म्हणजे याच ऑफिसला ४०० सीएफएम. माझा आग्रह याच आकड्याचा आहे.

आता पुढचा सापळा. ४०० सीएफएम बाहेरची हवा आत घेतली की ती थंड करावी लागते, आणि हा भार आहे त्या एसीने सोसला पाहिजे. मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि आत २४ असेल, तर साधारण सव्वा टन एसी एवढ्यासाठीच जातो. लोकांना वाटतं, पावसाळ्यात हा भार उतरतो. होतं उलटं. जुलैत बाहेर ३० अंशच असतात, पण हवा ओथंबलेली असते, आणि तिच्यातलं पाणी काढण्यातच दोन टन जातात. गारवा धरून भार अडीच टनांच्या जवळ पोचतो. कंत्राटदाराने फक्त उन्हाळ्याचा हिशेब केला असेल, तर तुमचं ऑफिस जुलैत थंड असूनही चिकट राहील. कोटेशन मागताना "पावसाळ्याच्या दमट हवेचा हिशेब दाखवा" हे लेखी विचारा. यावरूनच कोण जाणकार आहे ते कळतं.

मार्ग तीन आहेत, तुमच्या जागेप्रमाणे निवडा.

सेंट्रल एसी असेल, तर आधी एएचयू रूम (हवा थंड करून डक्टमध्ये ढकलणारं मोठं यंत्र असतं ती) उघडा. तिथे बाहेरच्या हवेसाठी डँपर, म्हणजे हवा कमीजास्त करणारी झडप असते. विजेचं बिल वाचवायला ती कुणीतरी बंद करून बाइंडिंग वायरने बांधलेली, किंवा तिच्यावर पुठ्ठा लावलेला, असं पुष्कळ ठिकाणी सापडतं. तोंडाशी टिश्यू धरा. चिकटला नाही तर हवा आत येत नाहीये. कित्येकदा तार सोडवणं आणि फिल्टर बदलणं एवढ्यावर भागतं.

स्प्लिट किंवा कॅसेट असतील, तर छोटा ताज्या हवेचा पंखा, त्याच्या तोंडाला फिल्टर बॉक्स, आणि फॉल्स सीलिंगवरून डक्ट. डक्टचं तोंड प्रत्येक केबिनमध्ये आणि मीटिंग रूममध्ये उघडलं पाहिजे; नुसतं सीलिंगच्या पोकळीत सोडून दिलं तर हवा तिथेच फिरते आणि वरची धूळ खाली येते. हवा आत सोडली तर ती बाहेर जायला वाटही लागते. टॉयलेटचा एक्झॉस्ट बहुधा पुरतो, पण केबिनच्या दारांखाली फट ठेवा.

जागा आणि पैसे असतील, तर ईआरव्ही बसवा. बाहेर जाणारी थंड, कोरडी हवा आणि आत येणारी गरम, दमट हवा त्यात एकमेकींच्या जवळून जातात आणि उष्णतेचा व ओलाव्याचा मोठा भाग तिथेच अदलाबदल होतो. वर सांगितलेला भार त्याने बराच उतरतो. बडोद्याच्या हवेत मला हाच पर्याय सगळ्यात चांगला वाटतो. मात्र ओलावाही अदलाबदल करणारा कोअर (आतला अदलाबदलीचा भाग) मागा. फक्त उष्णतेचा असेल तर पावसाळ्यात त्याचा फारसा उपयोग नाही.

हवा घ्यायचं तोंड कुठे आहे, यावर सगळं अवलंबून आहे. टॉयलेटचा एक्झॉस्ट, जनरेटरची चिमणी, पार्किंगचा रॅम्प, कूलिंग टॉवर आणि खालच्या हॉटेलचं किचन यांपासून निदान २५ फूट लांब. रस्त्याच्या बाजूपेक्षा मागची बाजू बरी, आणि जितकं वर तितकं चांगलं. कबुतरांसाठी जाळी लावा, पण मच्छरदाणीसारखी बारीक नको, ती महिन्याभरात धुळीने बंद होते.

पायरी ६: खिडक्या कधी उघडायच्या

पंखा बसेपर्यंत खिडक्याच आहेत, आणि त्यांची वेळ चुकते. हाउसकीपिंगवाले सकाळी साडेसातला येतात, खिडक्या सताड उघडतात आणि झाडू मारतात. थंडीत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हीच सगळ्यात वाईट वेळ असते. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, वाहनांचा, शेकोट्यांचा आणि कारखान्यांचा धूर तिच्यात अडकतो, आणि ऊन चढेपर्यंत तो वर जात नाही. दुपारी हवा ढवळली जाते आणि आकडा उतरतो. म्हणून थंडीत साडेबारा ते चारच्या दरम्यान उघडा. जेवणाची सुट्टी त्यासाठी उत्तम. उन्हाळ्यात सकाळी लवकर उघडा. पावसाळ्यात थोडा वेळ आणि थोड्याच.

उत्तर-वायव्येला रणोली, नंदेसरी आणि कोयलीचा कारखान्यांचा पट्टा आहे. वारा तिकडून असेल आणि रसायनाचा वास येत असेल तेव्हा खिडक्या लावूनच घ्या. दिवाळीच्या दिवसांत सुट्टीआधी सगळं घट्ट बंद करून जा आणि परत आल्यावर दुपारी मोकळं करा. झाडूऐवजी ओला पोछा किंवा चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा.

पायरी ७: फिल्टर, आणि मगच प्युरिफायर

एसीतली नायलॉनची जाळी केस आणि जाडी धूळ पकडते. पीएम २.५ तिच्यातून आरपार जातं, जाहिरात काहीही म्हणो. ताज्या हवेच्या तोंडाला आणि एएचयूत मर्व्ह १३ दर्जाचा फिल्टर मागा. तो १ ते ३ मायक्रॉनचे निदान ८५ टक्के आणि ०.३ ते १ मायक्रॉनचे निदान ५० टक्के कण पकडतो. जुन्या पंख्याला तो पेलत नाही, आणि हवाच कमी होते. म्हणून फिल्टर बदलल्यावर पायरी ३ ची चाचणी परत करा. फिल्टरच्या कडेने फट राहिली असेल तर महागडा फिल्टरही वाया जातो. फ्रेमला गॅस्केट आहे का, बघा.

प्युरिफायर धुळीवर चालतो. कार्बन डायऑक्साइड तो कमी करत नाही, वास फारसा काढत नाही. घ्यायचाच तर सीएडीआर, म्हणजे तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा, बघून घ्या. वरच्या ४६ घनमीटरच्या मीटिंग रूमला तासाला पाच वेळा हवा गाळून हवी असेल, तर २३० घनमीटर प्रति तास लागतील. खोक्यावरचा आकडा सगळ्यात मोठ्या वेगाचा असतो, आणि त्या आवाजात कुणी मीटिंग घेत नाही. म्हणून दीडपट क्षमतेचा घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. ओझोन सोडणारी यंत्रं माणसं असलेल्या खोलीत अजिबात लावू नका. ओझोन फुप्फुसांना अपाय करतो. विक्रेता "ताजेपणाचा वास" म्हणतो तो याचाच असतो.

पायरी ८: ओल आणि पुराचं पाणी

आतला दमटपणा ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. तो सतत वर राहिला की बुरशी येते, आधी बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटांच्या मागे. पावसाळ्यात कंप्रेसरबरोबर पंखाही थांबेल अशी सोय एसीत असेल तर ती चालू ठेवा. कंप्रेसर थांबल्यावरही पंखा फिरत राहिला तर कॉइलवरचं पाणी परत खोलीत येतं. गरजेपेक्षा मोठा एसीही इथे नडतो: खोली झटकन थंड होते, एसी थांबतो, पाणी काढायला वेळच मिळत नाही. सेटिंग १८ वर नेऊन चिकटपणा जात नाही. २४-२५ वर जास्त वेळ चालू राहू द्या.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळघरं आणि तळमजले दिवसच्या दिवस पाण्यात होते. अशी वेळ आली तर पहिले २४ ते ४८ तास सगळ्यात मोलाचे. एवढ्यात वाळलं नाही तर बुरशी धरते. भिजलेला कार्पेट, जिप्समचं पार्टिशन, सीलिंगच्या टाइल्स, भिंतीतलं ग्लासवूल वाळवत बसू नका, काढून टाका. पार्टिशन पाण्याच्या खुणेच्या वर फूटभर तरी कापा, कारण पाणी आतून वर चढतं. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी आणि रंग लावू देऊ नका. मालक घाई करतात, आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाखालून काळे ठिपके वर येतात. साफ करणाऱ्यांना एन-९५ मास्क, चष्मा आणि हातमोजे द्या. ब्लीच वापरणार असाल तर ते ॲसिडमध्ये किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू देऊ नका, विषारी वायू सुटतो.

पायरी ९: करारात लिहून घ्या

एएमसीत "वर्षात चार सर्व्हिस" एवढंच लिहिलेलं असतं, आणि ती जाळी धुण्यावर संपते. नूतनीकरणाच्या वेळी हे शब्द घाला: पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर कॉइल आणि ड्रेन पॅनचा केमिकल वॉश, आधीच्या आणि नंतरच्या फोटोंसकट, ताज्या हवेचे फिल्टर दर तीन महिन्यांनी, आणि दिवाळीनंतर एकदा जास्तीचे, वर्षातून एकदा ताज्या हवेचं सीएफएम मोजून लेखी आकडा. दर थोडा वाढेल, तो वाढू द्या.

नवी जागा घेत असाल तर भाडेकरारावर सही करण्याआधी तीन गोष्टी मालकाकडून लेखी घ्या: दर्शनी किंवा मागच्या भिंतीत डक्टसाठी भोक पाडायची परवानगी, निदान दोन खिडक्या उघडता येतील अशा, आणि जनरेटरच्या चिमणीचं तोंड कुठे आहे. सही झाल्यावर यातली एकही मिळवायला महिने जातात, आणि तोवर माणसं तिथे बसलेलीच असतात.